आमच्या घराण्याचे मासे

३ फेब्रुवारी

टेबलाला गिअर नसतो. आज दुसरा दिवस, आणि हात अजून शोधतोच आहे.

आगारप्रमुखांनी परवा बोलावून सांगितलं, "निकाल येईपर्यंत गाडी नाही. हरवले-सापडलेच्या खिडकीत बसा." बावीस वर्षं बस चालवली. एक ओरखडा नाही. (बरं, एक. पण तो खांब नवीन होता, मला कुणी सांगितलं नव्हतं.) आणि आता माझा निकाल कोण लावणार? मासे.

नीट लिहून काढतो, म्हणजे माझ्याच डोक्यात बसेल. सव्वा वर्षापूर्वी, नोव्हेंबरात, दादा जिन्यात कोसळला. आम्ही सोफा वर नेत होतो — एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. अचानक अख्खा सोफा माझ्याकडे आला. वाटलं, कामचुकारपणा करतोय. वळून पाहिलं तर हा पायरीवर आडवा. तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू जाड झालाय. घराण्यातून येणारा आजार. छातीत छोटं यंत्र बसवलं, गोळ्या दिल्या, आता गडी ठीक आहे. सोफा अजून खालीच आहे.

मग रक्त तपासलं. दादाच्या एका जनुकात एक अक्षर चुकलेलं. शुद्धलेखनाची चूक म्हणा. या डिसेंबरात तीच चूक माझ्यातही निघाली. माझं हृदय सध्या "सीमेवर" आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या — म्हणजे धड आजारी नाही, धड ठणठणीतही नाही. पण ही चूक घातक आहे की नुसती ऱ्हस्व-दीर्घाची, ते जगात कुणालाच माहीत नाही. रिपोर्टात लिहिलंय — अर्थ अनिश्चित.

म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या प्रयोगशाळेत तीच चूक गेल्या वर्षभरात माशांमध्ये घातली आहे. मासे धडपणे पोहले, तर मी बस चालवणार. मासे दमले, तर मी इथेच.

बायको म्हणाली, "तुमच्यासारखे सकाळी उठायला आळशी नाही निघाले म्हणजे मिळवली."

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझी साप्ताहिक सुट्टी. सगळं कुटुंब मासे बघायला गेलं. मी, बायको, लेक, दादा, आई आणि आत्या. मुलगी बघायला सुद्धा आम्ही इतके जण गेलो नव्हतो.

माशांची खोली काचेपलीकडे. फळ्यांवर शेकडो डबे, प्रत्येकातून पाणी खळखळतंय, आणि आत उकाडा. माशांना म्हणे ऊब लागते. तिथल्या संशोधक — मी त्यांना मासेवाल्या बाई म्हणतो, मनात — तिशीच्या, बारीक, अत्यंत गंभीर. हसल्या तर दंड बसेल अशा बोलतात.

दादा काचेला चिकटून उभा. "यातले माझे कुठले?"

बाई म्हणाल्या, "तुमचे असे नाहीत. तुमच्यातला बदल फक्त यांच्यात केला आहे."

"म्हणजे माझेच की," दादा म्हणाला, आणि आमच्याकडे असा वळला जणू घर बांधून दाखवतोय.

आईने विचारलं, पाणी पुरेसं कोमट आहे का, रात्री पांघरूण — मग स्वतःच थांबली. आत्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "डोळे आमच्याकडचे नाहीत." आई म्हणाली, "तोंड मात्र तुमच्याचकडचं. सारखं उघडं." आत्या खालच्या मजल्यावर राहते, आई आमच्याकडे. नणंद-भावजया चाळीस वर्षं एकमेकींना पाण्यात पाहतात. आज पहिल्यांदा तिथे बघण्यासारखं काहीतरी होतं.

बाईंनी नीट समजावलं. बत्तीस मासे, सगळी भावंडं. निम्म्यांत बदल आहे, निम्म्यांत नाही. दिसायला सारखे. प्रत्येकाला नंबर. कुणात बदल आहे ती यादी दुसऱ्याच एका बाईंच्या कपाटात कुलूप लावून. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत असलं तर मी नकळत एकाकडे जास्त मायेने बघेन." या बाई आणि माया — पटलं नाही, पण मान हलवली.

मग सूक्ष्मदर्शकातून अगदी लहान पिल्लू दाखवलं. तीन दिवसांचं. पापणीच्या केसाएवढं, आणि आरपार काचेसारखं. आत हृदय. उघडं. धडधडतंय. रक्ताचे ठिपके एका कप्प्यातून दुसऱ्यात उड्या मारताहेत. दोनच कप्पे त्यांना.

दादाने दोनदा वाकून पाहिलं. लेक सगळ्यात जास्त वेळ बघत राहिली. मला मागून तिची वेणीच दिसत होती.

१० फेब्रुवारी

एक गृहस्थ कवळी न्यायला आले. मी म्हणालो, तुमचीच कशावरून? त्यांनी घातली आणि हसून दाखवलं. सही घेतली. बाकी दिवसभर छत्र्या.

१७ फेब्रुवारी

दादा रोज कुणाला तरी सांगतो. केस कापणाऱ्याला सांगितलं, "प्रयोगशाळेत माझे बत्तीस मासे आहेत." त्याने विचारलं, चवीला कसे? दादा तीन दिवस त्याच्यावर रागावून आहे. पण केस अर्धेच कापून उठल्यामुळे परत जावं लागणार.

शिवाय दादाला मीठ कमी खायला सांगितलंय, म्हणून त्याने मासेवाल्या बाईंना फोन करून विचारलं, माशांनाही मीठ कमी देता ना? बाई म्हणाल्या, नाही. दादा म्हणाला, मग प्रयोग बरोबरीचा कसा? बाईंनी म्हणे बराच वेळ विचार केला आणि "चांगला प्रश्न आहे" म्हणाल्या. आता दादाला घरात ठेवणं अवघड झालंय.

२२ फेब्रुवारी

घरात एकच विषय. चूक कुणाकडून आली? आईकडून की बाबांकडून?

बाबा ऐंशी ओलांडून, झोपेत, शांतपणे गेले. त्यांचं रक्त आता मिळणार नाही. आई म्हणते, तुमच्या बाबांच्या घराण्यात सगळेच जरा चुकलेले. आत्या म्हणते, "आमच्याकडे असलं काही नाही. आमचे लोक पडून मेले, बुडून मेले, एक तर म्हशीने ढुशी देऊन मेला. हृदयाने कुणी नाही." हे तिने अभिमानाने सांगितलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, भांडण कशाला, आईंचं रक्त तपासू. आई लगेच बाही वर करून बसली. घरातच. स्वयंपाकघरात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पोहण्याची पहिली परीक्षा. बाईंनी मला काचेबाहेर उभं राहू दिलं.

एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाण्याचा प्रवाह. एका वेळी एक मासा आत सोडतात. प्रवाह हळूहळू वाढवत नेतात. मासा समोर तोंड करून पोहत राहतो, जागच्या जागी. दमला की मागे जाऊन जाळीला टेकतो. किती वेगापर्यंत टिकला ते बाई लिहून घेतात. दादाला हॉस्पिटलात पट्ट्यावर चालवलं होतं, तसंच. फक्त दादा चालताना बोलत होता.

पहिले सहा मस्त पोहले. मला वाटलं, सगळे पास. सातवा नळीत गेला — सतरा नंबर — आणि त्याने काय केलं? कोपऱ्यात, जिथे प्रवाह कमी लागतो, तिथे जाऊन बसला. पाणी वाढलं की थोडं शेपूट हलवायचा, की परत कोपरा. माझा जीव वरखाली. हा नक्की आमच्यापैकी. मी काच ठोकून ओरडलो, "अरे पोह ना, काय झोपतोस! पुढे हो, पुढे हो, पुढे जागा आहे!"

बावीस वर्षांची सवय. तोंडातून गेलं.

सतरा नंबर दचकून जाळीवर आदळला. बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, त्यांना कंप कळतो. आजची त्याची नोंद मला रद्द करावी लागेल." आवाज चढला नाही, हेच वाईट.

५ मार्च

आज गेलो नाही. दोन आठवडे बंदी. बसमधून कुणालाही मी कधी इतक्या सभ्यपणे उतरवलेलं नाही.

१४ मार्च

आईचा निकाल. तिच्यात बदल नाही! म्हणजे बाबांकडूनच आला.

आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घातली, पदरात खोचला आणि खालच्या मजल्यावर गेली. मी मागे धावलो, भांडण सोडवायला. आत्याच्या दारात पोचेपर्यंत आईने सुरू केलं होतं, "वन्सं, जरा चष्मा आणा तुमचा."

आत्याने वाचलं. मग खुर्चीवर बसत म्हणाली, "म्हणजे माझ्यातही असेल की गं."

आई उभीच. जिंकून आलेला माणूस, आणि हातात काय धरायचं तेच कळेना. शेवटी म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. सुई अजिबात दुखत नाही. मी बसते शेजारी."

१५ मार्च

दोघी रिक्षाने गेल्या. परत आल्या तेव्हा रिक्षात कोण आधी चढलं यावरून अबोला. म्हणजे तब्येत ठीक आहे.

२८ मार्च

आत्यात बदल आहे. आणि सोनोग्राफी केली तर हृदयही जाड — दादाइतकं नाही, पण जाड.

आत्या डॉक्टरबाईंसमोर आमच्याकडे वळून म्हणाली, "तीस वर्षं सांगतेय, जिना चढवत नाही. तुम्ही काय म्हणायचात?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. नाटकं करते, असं म्हणायचो. मी तर तिची चढतानाची नक्कलही करायचो. लग्नाकार्यात फर्माईश व्हायची.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, मग आता झालं ना सिद्ध? त्या म्हणाल्या, "तिघांत बदल, त्यातल्या दोघांचं हृदय जाड. हा इशारा आहे. पुरावा म्हणायला अजून कमी पडतो. मासे काय म्हणतात ते बघू."

आत्याला गोळ्या सुरू. आई आता दोन्ही वेळचं ताट घेऊन खाली जाते. म्हणते, भांडायला पहिल्यासारखी मजा नाही राहिली. तरी जाते, आणि तासभर येत नाही, आणि वरपर्यंत आवाज ऐकू येतात.

९ एप्रिल, गुरुवार

बंदी कधीच उठली होती, मीच लाजत होतो. आज गेलो. काचेपासून दोन हात लांब उभा राहिलो, हात पाठीमागे बांधून. बाईंनी आतून पाहिलं आणि मान हलवली. कदाचित हसल्या. पैज लावणार नाही.

सतरा नंबर आपल्या डब्यात एका जागी तरंगत होता. बाकीचे मासे फिरत असतात. हा विचार करत असतो. मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्यावर पन्नास सीटची गाडी अवलंबून आहे.

आता दर गुरुवारी येणार. घरी सांगितलं, पाय मोकळे करायला जातो.

२० एप्रिल

लेकीची निवड झाली! अग्निशामक दल. पाण्याचा भरलेला पाइप खांद्यावर घेऊन पाच मजले पळत चढली. मुलींमध्ये पहिली, आणि मुलांत धरली तरी चौथी. एकोणीस वर्षांची आहे. घरात पाण्याचा जग उचलायला सांगितला की हिची कंबर दुखते.

प्रशिक्षण एक जुलैपासून. फक्त एक आरोग्याचा अर्ज भरायचा. त्यात एक रकाना — घराण्यात हृदयविकार? आम्ही खरं लिहिलं. सोबत तिचा रक्ताचा रिपोर्ट जोडला. तिच्यात बदल नाही, हे तर डिसेंबरातच कळलंय. त्या दिवशी मी आगारात सगळ्यांना चहा पाजला होता. त्यामुळे काळजी नाही.

२ मे

अर्ज परत आला. "बदलाचा अर्थ अनिश्चित असल्याने बदल नसल्याचा रिपोर्ट ग्राह्य नाही. जूनअखेर तज्ज्ञांचं निर्णायक पत्र जोडावं."

मला वाक्य कळलं नाही. सात वेळा वाचलं. लेक म्हणाली, "सोडा हो बाबा," आणि जेवताना दोन वाट्या जास्त भात घेतला. ही काहीतरी लपवताना जास्त जेवते.

७ मे

आज डॉक्टरबाईंकडे गेलो. एकटा. अर्ज दाखवला. त्यांनी कागदावर आमच्या घराण्याचं झाड काढलं — चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका. मी चौकोन. शोभतो.

मी म्हणालो, "मासे ठणठणीत निघाले की सगळाच प्रश्न मिटला ना? मी गाडीवर, ही तिच्या गाडीवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. मासे ठणठणीत निघाले, तर त्याचा अर्थ बहुधा हा बदल दोषी नाही. पण तुमच्या भावाला आजार तर आहे. मग दोषी कोण? ते आपल्याला माहीत नाही. ती दुसरी चूक तुमच्या मुलीत आहे की नाही, तेही माहीत नाही. हा आजार विशी-तिशीतही डोकं वर काढतो. तिला दरवर्षी तपासावं लागेल, कितीतरी वर्षं. निर्णायक पत्र मी देऊ शकणार नाही."

"आणि मासे आजारी निघाले तर?"

"तर चूक सापडली. ज्यांच्यात ती नाही, ते सुटले. कायमचे."

"आणि ज्यांच्यात आहे?"

"त्यांना आम्ही सांभाळू," त्या म्हणाल्या. "नीट जगाल तुम्ही. पण प्रवासी गाडीची परवानगी मी देणार नाही."

मी उठलो, छत्री विसरलो, परत गेलो, छत्री घेतली. बाहेर येऊन कळलं, ती माझी नव्हती. परत गेलो.

तीन महिने मी काचेबाहेर उभा राहून चुकीच्या संघाला टाळ्या वाजवत होतो.

८ मे

घरी कुणाला सांगितलं नाही.

१४ मे, गुरुवार

गेलो. हात पाठीमागे. बत्तीस डबे.

आता यांच्याकडे काय मागायचं? इतके दिवस मनात म्हणायचो — पोहा बाबांनो. आज म्हटलं, "दमा थोडे." असं मागताना लाज वाटली. कुणाच्या तरी लेकरांना आजार मागतोय मी, आणि तीही बिचारी माझ्याकडे बघून तोंड उघडताहेत, मिटताहेत. सगळ्यांनी दमायची गरज नाही, हेही सांगितलं. निम्म्यांनीच. ज्यांचं त्यांना माहीत. सतरा नंबरला म्हटलं, तू आहेस तसाच राहा, तुझं छान चाललंय.

बाई अचानक मागून म्हणाल्या, "काका, ओठ हलताहेत तुमचे."

मी म्हणालो, गाणं म्हणतोय. हे ऐकून त्या आत गेल्या.

बाहेर येऊन सात नंबरच्या बसची वाट बघितली. आली. चालवणारा माझ्याच हाताखाली शिकलेला. वळण किती घाईत घेतो! मी पुढच्या सीटवर बसून अख्खा रस्ता पायाने ब्रेक दाबत होतो. खरं सांगू? मला माझी गाडी परत हवीये. रोज सकाळी साडेपाचला हवीये. हे लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवायची सोय नाही.

२८ मे, गुरुवार

दुसरी आणि शेवटची परीक्षा. मासे आता पाच महिन्यांचे. मी लांब उभा. तोंडात रुमाल कोंबला होता, खबरदारी म्हणून. बाईंनी विचारलं, दात दुखतो का?

काही मासे खूप लवकर मागे गेले. जाळीला टेकले, कल्ले उघडझाप. पहिल्या वेळी असं नव्हतं. एक तर सुरू झाल्या झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. जिन्यात पायरीवर बसलेली आत्या आठवली, आणि मी काढत असलेली नक्कल. रुमाल तसाच तोंडात ठेवून घरी आलो. बसमध्ये लोक जागा देत होते.

११ जून, गुरुवार

डबे कमी दिसले. बाईंना विचारलं. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं — आधी भूल देऊन त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी केली, मग काहींना मारून स्नायू कापून बघावा लागला. "त्याशिवाय खात्री होत नाही. मला दर वेळी वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "सवय होत नाही. व्हायलाही नको."

दोन्ही हात जोडले, काचेकडे. बाईंनीही तिकडेच बघितलं.

सतरा नंबर आहे अजून.

१९ जून, शुक्रवार

खिडकीत होतो. समोर एक मावशी हरवलेलं घड्याळ ओळखत होत्या — आजवर चौथं. फोन वाजला. मासेवाल्या बाई.

"काका, आज यादी उघडली."

मी मावशींना म्हणालो, चारही घेऊन जा.

बाई सावकाश बोलत होत्या. बदल असलेल्या सोळा माशांपैकी चौदांची हृदयं जाड. ते लवकर दमले, पाचव्या महिन्यात तर फारच. बदल नसलेले सगळे ठीक. त्यात आत्यांचा रिपोर्ट आणि दादांचा धरून डॉक्टरबाईंनी निकाल बदललाय. आता "अनिश्चित" नाही. घातक.

"मला वाईट वाटतं, काका," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी…"

मी म्हणालो, "छे छे. फार चांगलं काम केलंत." मग विचारलं, सतरा नंबर?

"त्याच्यात बदल नाही. हृदय उत्तम. तो नुसताच आळशी आहे."

घरी आलो, लेकीला सांगितलं. "तू सुटलीस. पत्र मिळतंय. कायमचं." बायकोने डोळ्याला पदर लावला. आई आणि आत्या दोघी एकाच वेळी लेकीच्या गळ्यात पडल्या आणि जागेवरून भांडल्या. दादा म्हणाला, "माझ्या माशांनी करून दाखवलं." लेक मात्र हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमची गाडी?" मी म्हणालो, छत्र्यांना सोडून मी आता कुठे जाणार. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. इतक्या आनंदाच्या दिवशी. मुलींचं काही कळत नाही.

२ जुलै, गुरुवार

लेक काल प्रशिक्षणाला गेली. आज मासेवाल्या बाईंना धन्यवाद द्यायला गेलो. निघताना त्या म्हणाल्या, "एक सांगू का? तुमची मुलगीही यायची. तुम्ही गुरुवारी, ती शुक्रवारी. फेब्रुवारीपासून. तिने सगळं वाचून काढलं होतं — कुठल्या निकालाने कुणाचं काय होणार ते. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. तिथेच उभी राहायची आणि म्हणायची, पोहा रे, माझ्या बाबांची गाडी आहे."

गुरुवारी मी, शुक्रवारी ती. मासे बिचारे. त्यांनी तरी कुणाचं ऐकायचं?